लांडगा, वाघोबा आणि रान राखणाऱ्या बाया

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकली आहे. गंमत बघा, त्या गोष्टीत खोटं बोलतो तो मुलगा, पण बदनाम होतो लांडगा! आज आपण दोन प्रश्न समजून घेणार आहोत. पहिला, लांडगा खरा राहतो कुठे आणि तो कमी का होत चाललाय? दुसरा, आपल्या पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यासारख्या डोंगराळ भागात रान प्रत्यक्षात राखतं कोण? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे, त्यामुळे त्यावर आपण जास्त वेळ देऊ.

लांडग्याचं घर

पुष्कळ मुलं पेपरात लिहितात, 'लांडगा घनदाट जंगलात राहतो.' हे उत्तर चुकीचं आहे. भारतीय लांडगा हा माळरानाचा प्राणी. खुरटं गवत, बोरी-बाभळीची झुडपं, मधूनच खडक, लांबवर नजर जाईल असा उघडा मुलूख, हे त्याचं घर. आपल्या राज्यात तो सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, सातारा, सांगली अशा कमी पावसाच्या पट्ट्यात दिसतो. सोलापूरजवळचं नान्नज माळढोकासाठी प्रसिद्ध, पण तिथे लांडगेही आहेत. ससे, उंदीर, काळवीट, चिंकारा हे त्याचं खाणं. आणि हो, मेंढ्या-शेळ्याही. जव्हार-मोखाड्याचं भरपूर पावसाचं पानझडी रान हे लांडग्याचं नेहमीचं राहण्याचं ठिकाण नाही. इथला मोठा शिकारी बिबट्या. सोबत तरस, कोल्हा, रानमांजर.

लांडग्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे. म्हणजे कायद्याने त्याला वाघाइतकंच संरक्षण. संख्या बघितली तर भारतात लांडगे सुमारे तीन हजार. वाघही साधारण तेवढेच. पण वाघासाठी स्वतंत्र प्रकल्प आहेत, राखीव क्षेत्रं आहेत, पर्यटक आहेत. लांडग्याचा मुलूख मात्र सरकारी कागदावर 'पडीक' म्हणून नोंदलेला असतो. पडीक म्हटलं की झालं! तिथे कारखाना येतो, सौर पॅनल येतात, नाहीतर सगळ्यात चांगल्या हेतूने वृक्षारोपण होतं. माळावर ओळीने झाडं लावली की आपल्याला वाटतं पर्यावरण वाचलं. प्रत्यक्षात गवत जातं, गवताबरोबर ससा आणि चिंकारा जातो, मग लांडगा मेंढीकडे वळतो. शाळेच्या वृक्षदिंडीत हे कुणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगतोय.

दुसरा धोका घरातलाच आहे, तो म्हणजे मोकाट कुत्रा. कुत्रा आणि लांडगा एकाच कुळातले. त्यांचा संकर होऊ शकतो. पुण्याजवळच्या गवताळ भागात असा संकर झाल्याचा जनुकीय पुरावा संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. शिवाय रेबीज, डिस्टेंपर यांसारखे रोग कुत्र्यांकडून लांडग्यांत जातात. म्हणून गावातल्या कुत्र्यांना लस टोचून घेणं हे लांडगा वाचवण्याचं काम आहे. ऐकायला विचित्र वाटतं, पण आहे.

लांडग्याची भीती अगदीच निराधार आहे असंही नाही. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बहराइच जिल्ह्यात लहान मुलांवर हल्ले झाले आणि काही मुलं दगावली. ज्या आईचं मूल गेलं तिला 'लांडगा दुर्मीळ आहे हो' असं सांगून चालत नाही. एरवी लांडगा माणसाला टाळतो, आपल्या माळरानांवर तो पिढ्यानपिढ्या धनगरांच्या वाड्यांच्या आसपास वावरत आला आहे. धनगर मेंढ्या रात्री वाघुरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, कोंडतात आणि कुत्री राखणीला ठेवतात. आणि या फिरत्या संसारात तळ मांडणं, तळ उठवणं, लहान कोकरांची देखभाल हे काम मुख्यतः बायकांचं असतं. मेंढी मेली तर भरपाईसाठी वन विभागाला लगेच कळवावं लागतं, मेलेलं जनावर न हलवता पंचनामा करून घ्यावा लागतो. हे ज्या घरातल्या बाईला माहीत आहे, त्या घरात विष घालून लांडगा मारायचा विचार येण्याची शक्यता कमी. संवर्धन म्हणतात ते बऱ्याचदा इतक्या साध्या माहितीवर अवलंबून असतं.

आता घाट उतरून जव्हारला येऊ

जव्हार आणि मोखाडा हे तालुके १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघर जिल्ह्यात आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी, ठाकर अशी इथली वस्ती. नागली, वरई, भात, उडीद ही पिकं. साग, ऐन, खैर, मोह, पळस, बांबू हे रान. दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

या भागात हिंस्र प्राण्याशी वागायची एक जुनी रीत आहे. ती म्हणजे वाघोबा. दगडावर किंवा लाकडावर कोरलेला वाघ, वर सूर्य-चंद्र, असं हे दैवत गावाच्या किंवा रानाच्या कडेला असतं. दिवाळीच्या सुरुवातीला, आश्विन वद्य द्वादशीला, जेव्हा बाकी महाराष्ट्रात वसुबारस असते, तेव्हा इथे वाघबारस करतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या वाघोबाच्या अनेक ठाण्यांची नोंद आहे. या अभ्यासाचं म्हणणं असं, की वाघोबामुळे लोकांचं नुकसान होत नाही असं नाही, बिबट्या शेळी नेतोच. पण ते नुकसान सोसायची एक चौकट लोकांकडे आहे.

वारल्यांमध्ये वाघोबाची एक कथा सांगतात. एका बाईच्या पोटी आलेलं मूल वाघाचं रूप घेतं. गावची जनावरं मरू लागतात, लोक चिडतात. तेव्हा आई मध्ये पडते. मुलाला सांगते, तू रानात राहा. गावाला सांगते, तुम्ही त्याला जागा द्या आणि वर्षातून एकदा त्याचा मान द्या. कथेची रूपं वेगवेगळी आहेत, पण तह घडवून आणणारी ती आई असते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण प्रत्यक्षातही रान आणि गाव यांच्यामधला रोजचा व्यवहार बाईच करते.

कसा, ते बघा. सरपणाची मोळी बाई आणते. झऱ्याचं पाणी बाई आणते. पावसाच्या सुरुवातीला शेवळं, लोत, मग टाकळा, कुर्डू, करटोली या रानभाज्या बाई आणि मुली खुडून आणतात. भाताच्या आणि नागलीच्या रोपांसाठी जी जमीन भाजतात, तिला राब म्हणतात. त्यासाठी फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत यांचे थर लागतात. तो पाला गोळा करून डोईवर वाहून आणण्यात बायांचा मोठा वाटा असतो. रानातलं कुठलं झाड यंदा फुललं नाही, कुठला झरा महिनाभर आधी आटला, कुठे बिबट्याचे ठसे दिसले, हे पहिल्यांदा तिला कळतं. आपण ज्याला शहरात 'निरीक्षण' म्हणतो, ते तिचं रोजचं चालणं आहे.

वणवा आणि मोह

एकच उदाहरण जरा सविस्तर घेऊ. मोहाची फुलं साधारण मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. झाडाखाली वाळक्या पानांचा थर असतो, त्यात फूल सापडत नाही. मग सोपा उपाय काय? खालचा पाचोळा पेटवून द्यायचा, जमीन साफ होते आणि फुलं वेचता येतात. ही आग कधी कधी आटोक्याबाहेर जाते आणि वणवा होतो. वणव्यात मोठी झाडं बऱ्याचदा तगतात, पण रोपटी, गवताचं बी, जमिनीवरची घरटी, सरडे, ससे जळतात. पुढच्या पावसात उघडी माती वाहून जाते. पाच-सात वर्षं सलग असं झालं की रान म्हातारं होतं. म्हणजे मोठी झाडं दिसतात, पण त्यांच्या जागी उभं राहणारं एकही पोर नसतं.

ज्या गावांनी हे थांबवलं, तिथे उपाय साधेच होते. पेटवण्याऐवजी झाडून घेणं, झाडाखाली जुनी साडी किंवा जाळं अंथरणं, आणि फेब्रुवारीच्या आत जाळरेषा काढणं. जाळरेषा म्हणजे पाचोळा आणि गवत काढून केलेला मोकळा पट्टा. आग तिथपर्यंत येते आणि खायला काही नाही म्हणून थांबते. आता विचार करा, हा निर्णय पुरुषांच्या बैठकीत झाला आणि फुलं वेचणाऱ्या बाईला कुणी विचारलंच नाही, तर तो पाळला जाईल का? पहाटे चारला मोहाखाली असते ती. काडी ओढायची की झाडू मारायचा, हे ठरवते ती.

अडचण अशी, की वणव्याचे महिने आणि स्थलांतराचे महिने एकच आहेत. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबं वसई, भिवंडी, पनवेलकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, ती थेट पावसाच्या तोंडाशी परत येतात. पाड्यावर उरतात म्हातारी माणसं, लहान मुलं आणि काही बाया. आग लागली तर धावणार कोण? ज्या पाड्यात गावातच काम मिळतं, रोजगार हमीचं असो की वनोपजाचं, तिथे माणसं थांबतात आणि रानाला राखणदार मिळतो. वनसंवर्धनाचा धडा लिहिताना हा दुवा सुटतो. पोट आणि रान वेगळे शिकवता येत नाहीत.

समितीत बाई कुठे असते?

आपल्या देशात १९९० मध्ये संयुक्त वनव्यवस्थापनाची योजना आली, महाराष्ट्राने ती १९९२ मध्ये स्वीकारली. गावाने रान राखायचं, बदल्यात उत्पन्नात वाटा मिळायचा. कल्पना छान होती. पण कितीतरी ठिकाणी समितीचं सभासदत्व घरटी एका माणसाला होतं, आणि घरटी एक माणूस म्हणजे घरातला पुरुष. समितीने 'कुऱ्हाडबंदी, चराईबंदी' असा ठराव केला की रान वाढायचं, यात शंका नाही. मात्र चूल तर रोज पेटवायची असते. मग बाई जास्त लांब चालत जाते, नाहीतर चोरून जाते आणि पकडली गेली की दंड भरते. ज्या रानाची ती जाणकार, त्याच रानात ती चोर ठरते.

अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांनी याचा फार बारकाईने अभ्यास केला. गुजरात आणि नेपाळमधल्या वनसमित्या त्यांनी पाहिल्या आणि २०१० मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांचा एक निष्कर्ष वर्गात जरूर सांगावा असा आहे. समितीत एक-दोन बायका नावापुरत्या असल्या तर त्या बोलत नाहीत. कार्यकारिणीत त्यांचं प्रमाण साधारण पाव ते एक तृतीयांश झालं की त्या येतात, बोलतात, पदं घेतात. आणि जिथे बायकांचा वाटा जास्त, तिथे रानाची अवस्थाही सुधारलेली दिसली. कारणं व्यवहाराची आहेत. नियम करताना चुलीचा विचार होतो, म्हणून नियम मोडले कमी जातात. दुसरं म्हणजे, सरपण चोरणाऱ्या बाईला पुरुष रखवालदाराने अडवलं तर भांडण होतं, तिथेच शेजारीण असेल तर दोघी बोलून तोडगा काढतात.

आता कायद्याची बाजू. २००६ चा वनहक्क कायदा तुम्ही नागरिकशास्त्रात ऐकला असेल. बहुतेकांना वाटतं, हा जमिनीच्या पट्ट्याचा कायदा. पट्टा त्यात आहेच, आणि तो पती-पत्नी दोघांच्या नावे होतो, हेही विसरू नका. पण याच कायद्यात सामूहिक वनहक्क आहे. गावाने परंपरेने राखलेलं रान राखायचा, वाढवायचा, त्याचं व्यवस्थापन करायचा हक्क. कलम ५ ग्रामसभेला वन्यजीव, जंगल, पाणलोट यांचं रक्षण करण्याचा अधिकार देतं. वनहक्क समिती १० ते १५ जणांची असते, आणि तिच्यात एक तृतीयांश तरी स्त्रिया हव्यात. २०१२ च्या सुधारणेनुसार ग्रामसभेला निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. बाया आल्या नाहीत तर गणपूर्ती होत नाही, सभा पुढे जात नाही! वर मी अनुसूचित क्षेत्राची गोष्ट लक्षात ठेवा म्हटलं होतं, ती इथे येते. महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांनुसार अशा क्षेत्रात एखादा पाडासुद्धा स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊ शकतो, म्हणजे त्याची स्वतःची ग्रामसभा भरते. मोठ्या ग्रामपंचायतीच्या सभेत तीन किलोमीटर चालून जायला न धजणारी बाई पाड्याच्या सभेत ओट्यावर बसून बोलते. जव्हार परिसरात वयम् चळवळीसारख्या संघटनांनी वनहक्क आणि ग्रामसभा या विषयांवर अनेक वर्षं काम केलं आहे. त्याआधी कष्टकरी संघटनेने आणि भूमिसेनेने जमीन-जंगलाचे लढे दिले. १९४५ च्या वारली उठावात गोदावरी परुळेकरांबरोबर वारली बायाही होत्या. म्हणजे बाईने सभेत बोलणं या मातीला नवं नाही.

सामूहिक वनहक्काचं देशातलं गाजलेलं उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा-लेखा. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. बांबू विकला, गावाला पैसा मिळाला, मजुरी गावातच मिळाली. ग्रामसभेत स्त्री-पुरुष एकत्र बसतात आणि निर्णय एकमताने घेतात, बहुमताने नाही. बहुमतात गप्प बसलेली बाई हरते. एकमतात तिला बोलतं करावंच लागतं.

'स्वयंसेविका' या शब्दाबद्दल थोडं

रान राखणाऱ्या बायांना आपण कौतुकाने स्वयंसेविका म्हणतो. १९७४ मध्ये उत्तराखंडातल्या रेणी गावात गौरादेवी आणि त्यांच्या सोबतिणी झाडांना बिलगल्या, झारखंडात जमुना टुडू यांनी बायांना घेऊन सालाची जंगलं राखली आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आसाममध्ये पूर्णिमा देवी बर्मन यांनी हरगिला नावाच्या मोठ्या करकोच्यासाठी हजारो बायांची फळी उभी केली. हा पक्षी मेलेलं खातो, दुर्गंधी करतो, म्हणून लोक त्याची घरट्यांची झाडं तोडत. बर्मन यांनी काय केलं? बायांनी पक्ष्याचं चित्र साड्यांवर विणलं, त्यातून कमाई सुरू झाली, गर्भार बाईसारखं पक्ष्याचंही डोहाळजेवण केलं. घाणेरडा पक्षी गावाची लेक झाला. आपल्या लांडग्यासाठी असं कुणी करेल का, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

पण मुद्दा वेगळा आहे. ज्या बाईला दिवसाची मजुरी सोडून वणवा विझवायला जावं लागतं, तिची 'स्वयंसेवा' फुकट नसते. त्याची किंमत त्या दिवशीची चूल देते. जोखीमही आहे. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या कामावर पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ती सरकारी नोकरीत होती, तिच्यामागे खातं होतं. रानात गस्त घालणाऱ्या पाड्यावरच्या बाईमागे काय आहे? विमा, टॉर्च, चांगले बूट, दिवसाचा रोज, एवढं तरी असायला नको का? ग्रामसभेने गस्तीची पाळी लावताना मजुरी कुठून द्यायची हे आधीच ठरवलं, बांबूच्या किंवा इतर वनोपजाच्या उत्पन्नातून ठराविक रक्कम बाजूला काढली, तर हे काम टिकतं. नुसत्या प्रमाणपत्रांवर ते दोन उन्हाळ्यांपलीकडे जात नाही.

आणखी एक गोष्ट. मोखाडा तालुक्यातलं मध्य वैतरणा धरण मुंबईला पाणी पुरवतं. त्या धरणात येणारं पाणी ज्या डोंगरांवरून उतरतं, तिथलं रान राहिलं तर गाळ कमी येईल. म्हणजे मोहाखाली झाडू मारणारी बाई नकळत मुंबईचा नळही सांभाळते. आणि उन्हाळ्यात तीच बाई डोईवर हंडा घेऊन उतारावरच्या झऱ्याकडे जाते. हे वाक्य मी मुलांपुढे वाचतो तेव्हा वर्गात थोडा वेळ कुणी बोलत नाही.

वर्गात करून बघा

आपापल्या आजीला किंवा शेजारच्या एखाद्या मावशीला पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तरं तिच्याच शब्दांत लिहा. तुमच्या लहानपणी सरपणाला किती लांब जावं लागायचं, आता किती? कोणती रानभाजी आता दिसत नाही? शेवटचा मोठा वणवा कधी आणि कशामुळे लागला? गावच्या ग्रामसभेत तुम्ही शेवटचं कधी बोललात? वाघोबाचं ठाणं गावात असेल तर ते कुठे आहे, नकाशावर खूण करा. घाटावरच्या शाळांनी वाघोबाऐवजी माळरान घ्यावं आणि गावातल्या मेंढपाळ घरी जाऊन लांडगा शेवटचा कधी दिसला ते विचारावं. सगळ्यांची उत्तरं एका मोठ्या कागदावर वर्षांच्या क्रमाने मांडली की गावाच्या रानाचा इतिहास तयार होतो. तो कागद ग्रामसभेच्या दिवशी भिंतीवर लावा. वनहक्क समितीला आपल्या दाव्यासाठी म्हाताऱ्या माणसांचे जबाब पुरावा म्हणून लागतात, आणि नियमांत तसा पुरावा ग्राह्य धरलेला आहे.